नीतीचा तराजू कुणाच्या हातात?

(अभ्यासवर्गातल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मीच मागून घेतला. मागच्या बैठकीत आपल्यातला एकजण उठून म्हणाला, नीती-बिती हा पोट भरलेल्यांचा खेळ आहे, आपल्याला न्याय पाहिजे, नीती नको. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या पटल्या नाहीत. 'हे चूक आहे' असं तोंडातनं निघालं की माणूस नीतीच्या मैदानात उतरलाच. मैदान आपण सोडलं तर दुसरे खेळणारच, आणि ते खेळत आलेतच. पाप, पुण्य, धर्म, कर्तव्य हा सगळा माल त्यांच्याच गोदामात पडून आहे. कुलूप तोडायचं तर आत काय आहे ते एकदा बघून घेऊ.

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार, कंत्राटी. बुकं वाचली ती लायब्ररीत, आणि रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत मोबाईलवर. तेव्हा प्रोफेसर लोक सांगतात त्या क्रमानं मी सांगणार नाही. मला ज्याच्याशी भांडावंसं वाटलं त्याच्याबद्दल जास्त बोलेन.

पहिला बेंथॅम. हा इंग्रज १७४८ ते १८३२ जगला. त्यानंच सांगून ठेवल्याप्रमाणे त्याचा सांगाडा आजही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कपडे चढवून, पेंढा भरून, मेणाचं डोकं लावून बसवलेला आहे. तर या बाबाचं म्हणणं असं की, काम चांगलं की वाईट हे देव सांगत नाही, शास्त्र सांगत नाही, परंपरा सांगत नाही. त्या कामानं किती जणांना किती सुख झालं आणि किती दुःख झालं, त्याची बेरीज-वजाबाकी करा. ज्यातनं जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख निघेल ते चांगलं. याला उपयुक्ततावाद म्हणतात.

पांढरपेशे लोक याला बनियाची नीती म्हणून नाक मुरडतात. मी नाही मुरडत. मनुस्मृतीत एकाच शिवीला ब्राह्मणासाठी दंड आहे आणि शूद्रासाठी जीभ छाटायची शिक्षा आहे. म्हणजे ब्राह्मणाचं दुखणं एका वजनाचं, शूद्राचं दुसऱ्या वजनाचं. बेंथॅमच्या तराजूत दुःख हे दुःख. ते कुणाचं आहे, कुठल्या जातीचं आहे, हा प्रश्नच नाही. जनावराला सुद्धा त्यानं तराजूत घेतलं, कारण त्यालाही दुखतं. आपल्या बापजाद्यांना ज्या देशात जनावराच्या खालचं मोजलं, त्या देशात हा हिशेब केवढा मोठा आहे बघा.

आता या हिशेबाला भोक कुठं पडतं ते सांगतो, आणि त्यासाठी तुम्हाला गोदीत न्यावं लागेल.

१४ एप्रिल १९४४. हो, बाबासाहेबांच्या जयंतीचाच दिवस. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, आणि त्याच पोटात कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपं, लाकूड. दारूगोळ्याशेजारी कापूस! गोदीतलं शेंबडं पोर सुद्धा सांगेल की असा माल एकत्र भरत नाहीत. पण लढाई चालू होती. जहाजांची टंचाई होती. एक इंचही रिकामं जाता कामा नये. आणि दारूगोळा असल्याचा लाल बावटा जहाजावर लावलेला नव्हता, शत्रूला निशाण मिळू नये म्हणून. ह्या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी हिशेबच केला होता. जास्तीत जास्तांचं भलं, लढाई जिंकणं, साम्राज्य राखणं. दुपारी धूर दिसला. कुणी म्हणालं जहाज बुडवा, कुणी म्हणालं समुद्रात ओढून न्या, बंबवाले पाणी मारत राहिले. शेवटचा निर्णय कुणीच घेतला नाही. चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीसाठी आजही १४ एप्रिल पाळतात. बाकी किती मेले? कुणी आठशे सांगतं, कुणी तेराशे. त्याच जहाजात सोन्याच्या विटा होत्या, त्या किती? १२४. विटेला आकडा आहे, हमालाला अंदाज आहे.

बेंथॅम म्हणतो मोजा. बरोबर आहे, मोजूया. पण वहीत नाव कुणाचं चढतं आणि वही कुणाच्या हातात असते? तराजू खोटा नाही, पण त्याच्यामागं बसलेला मुकादम कोण ते बेंथॅम विचारत नाही. त्याचा चेला जॉन स्टुअर्ट मिल तर १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. १८५९ साली त्यानं स्वातंत्र्यावर जगप्रसिद्ध पुस्तक लिहिलं, बायकांच्या हक्कांसाठी भांडला, ते मी कमी लेखत नाही. पण त्याच पुस्तकात लिहून ठेवलं की मागासलेल्या समाजांना हे स्वातंत्र्य लागू नाही, त्यांच्या सुधारणेसाठी हुकूमशाही चालेल. म्हणजे आमच्या सुखाचा हिशेब आमच्या वतीनं लंडनला होणार.

दुसरं भोक याहून मोठं आहे. समजा हिशेब अगदी प्रामाणिक केला. एका शहरात लाखो माणसं सुखानं राहतात, कारण काही शे माणसं गटारात उतरतात. बेरीज मांडा. लाखोंचं सुख जास्तच भरणार! हाताने मैला साफ करण्यावर १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या. २०२३ साली ते ३० लाख केले. पैसे मिळाले पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. भांडून मिळवलेत. पण म्युन्सिपालटीच्या डोक्यात हिशेब कसा चालतो बघा. मशीन घ्यायला इतका खर्च, माणूस मेला तर इतका खर्च. उपयुक्ततावाद तिथं गप्प बसतो. बेरजेत एक माणूस नेहमीच थोडा असतो.

म्हणून दुसरा गडी पाहिजे. तो कॅण्ट. १७२४ ते १८०४. जर्मन, कोनिग्सबर्ग गावचा. बाप घोड्यांचे पट्टे, लगामाचं सामान बनवायचा. चामड्याचं काम करणाऱ्याचा पोरगा, आणि अख्ख्या युरोपला नीती शिकवली! आपल्याकडे असता तर शाळेच्या व्हरांड्यात बसवला असता.

१७८५ साली त्यानं मांडलं की परिणामाचा हिशेब बाजूला ठेवा. तुम्ही ज्या नियमानं वागता तो जगातल्या प्रत्येकानं पाळावा असं तुम्हाला म्हणता येईल का? येत असेल तर वागा. आणि माणसाला, मग तो दुसरा असो की तुम्ही स्वतः, नुसतं साधन म्हणून कधी वापरू नका. जगात काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्याऐवजी दुसरी वस्तू ठेवता येते. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. त्याच्याऐवजी काही ठेवता येत नाही. ना १० लाख, ना ३० लाख. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोबाईल खाली ठेवून बराच वेळ नुसता क्रेनकडे बघत बसलो होतो. आपण 'माणूसपण' म्हणून जे ओरडतो ते हा गडी तर्कानं सिद्ध करू बघतोय.

पण कॅण्टला गोदीत आणला की तोही अडखळतो. आमच्याकडची गोष्ट ऐका.

आमची टोळी १४ जणांची. या पावसाळ्यात पोलादाचं कॉइल उतरवताना स्लिंग सरकली आणि टोळीतल्या एका मामांचा पाय घोट्याखाली चिरडला. स्लिंग झिजलेली होती, दोनदा सांगून झालं होतं. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा कारकून कागद घेऊन आला. कागदावर लिहिलेलं, सदर इसम दारू प्यायलेला होता. खाली पाच साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत, त्यात मी एक. "सही कर भाऊ, नाहीतर पुढच्या महिन्यात टोळीच बदलतो," एवढंच बोलला. यात मेख आहे. १९२३ सालच्या भरपाईच्या कायद्यापासून अशी तरतूद चालत आलीय की दारूच्या अंमलात कामगार जखमी झाला तर मालक सुटू शकतो. माणूस मेला तर ही पळवाट चालत नाही. नुसता पाय गेला तर चालते.

आता बसवा हिशेब. सही केली तर १३ घरांची चूल पेटते, एका घराची भरपाई जाते. सही नाही केली तर १३ घरांवर टाच. कच्चा बेंथॅमवाला म्हणेल, करा सही. पक्का बेंथॅमवाला म्हणेल, थांबा, असल्या सह्या होत राहिल्या तर उद्या कुठलीच स्लिंग बदलणार नाही, म्हणून लांबचा हिशेब करा. बरोबर आहे. पण लांबचा हिशेब ज्याच्या घरात महिन्याचं रेशन आहे त्यालाच परवडतो. कॅण्ट एका झटक्यात सांगतो, खोटं लिहायचं नाही. मामांना १३ जणांच्या भाकरीचं साधन बनवायचं नाही. इथं मी कॅण्टच्या बाजूचा.

पण पुढं ऐका. आमच्यातल्याच एका पोरानं झिजलेल्या स्लिंगचा फोटो काढून युनियनला दिला होता. आठवड्यानं कारकून विचारत फिरायला लागला, फोटो कुणी काढला? आता काय बोलायचं? १७९७ साली कॅण्टनं एक लेख लिहिलाय. तुमच्या मित्राला मारायला खुनी दारात आला आणि विचारलं आत आहे का, तरी खोटं बोलायचा तुम्हाला हक्क नाही. म्हणजे खऱ्या कागदासाठी जो कॅण्ट आमच्या पाठीशी उभा राहिला, तोच त्या पोराचं नाव सांग म्हणतो, निदान खोटं तरी बोलू नको म्हणतो. आम्ही सगळे म्हणालो, आम्हाला माहीत नाही. आणि मला त्यात काडीचा कमीपणा वाटला नाही.

आणखी दोन गोष्टी. १९६१ साली जेरुसलेमला आइकमन नावाच्या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला. लाखो ज्यूंना मरणाच्या छावण्यांकडं गाड्या भरून पाठवणारा हा इसम. तो कोर्टात म्हणाला, मी कॅण्टच्या शिकवणीनं कर्तव्य करत जगलो. कॅण्टचा त्यात अपमान आहे, कबूल. कॅण्ट स्वतःच्या बुद्धीनं नियम करायला सांगतो, साहेबाच्या हुकमाला नाही. पण 'कर्तव्य' हा शब्द किती सहज साहेबाच्या खिशात जातो ते यातनं दिसतं. आणि दुसरी गोष्ट, सगळ्या माणसांना प्रतिष्ठा देणाऱ्या ह्याच कॅण्टनं मताचा हक्क द्यायची वेळ आली तेव्हा घरगडी, रोजंदारीवाले आणि तमाम बायका यांना बाजूला काढलं. दुसऱ्याच्या हुकमाखाली पोट भरणारा तो पुरा नागरिक नाही म्हणे. म्हणजे मी नाही.

तिसरी परंपरा ॲरिस्टॉटलची. हिशेब नको, नियम नको, माणूस कसा घडतो ते बघा. शौर्य, संयम, न्यायीपणा हे गुण सवयीनं अंगी येतात. यातलं मला एक पटतं. आमच्याकडे नवा पोरगा आला की त्याला ओझं उचलायचा नियम पाठ करायला लावत नाहीत. गुडघा कसा वाकवायचा ते दहा वेळा करून घेतात, मग अंगच शिकतं. अन्यायापुढं न वाकणंही तसंच अंगानं शिकायचं असतं, सभेत एकदम येत नाही. पण ॲरिस्टॉटलनं गुलामाला जिवंत अवजार म्हटलं, आणि चांगल्या राज्यात हातानं काम करणारा कारागीर नागरिक असणार नाही असंही लिहिलं. गुण कमवायला रिकामा वेळ लागतो म्हणे. रिकामा वेळ कुणाच्या घामातनं येतो ते त्यालाही माहीत होतं.

आणि गुणांची भाषा खालच्याला खाली ठेवायला फार सोयीची असते. १९३६ साली गांधींनी 'हरिजन' साप्ताहिकात आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला. त्यानं काम कसं मनापासून करावं, त्याला काय काय ज्ञान असावं. त्याच वर्षी बाबासाहेबांचं लाहोरचं भाषण आयोजकांनी रद्द केलं आणि त्यांनी ते स्वतः छापून काढलं, 'जातिप्रथेचे विध्वंसन'. एकाला आदर्श भंगी पाहिजे, दुसऱ्याला भंगीपणच नको.

इथं आपल्या मराठीतल्या एका पुस्तकाचं नाव घ्यावंच लागतं. टिळकांचं 'गीतारहस्य', मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, १९१५ साली छापलं. मिल, कॅण्ट, सगळे त्यात आहेत. आपली पोरं न वाचताच त्याला शिव्या देतात. वाचून द्या. जास्तीत जास्तांच्या सुखावर टिळकांनी घेतलेला आक्षेप पक्का आहे. कौरवांचं सैन्य ११ अक्षौहिणी, पांडवांचं ७, मग डोकी मोजून कौरव न्यायाचे ठरणार का? बिनतोड. पण मग कशावर उभं राहायचं? तर फळाची आशा सोडून स्वधर्म करा. स्वधर्म कुठला? तो ठरवायला गीता चातुर्वर्ण्याकडे बोट दाखवते. स्वतःचा धर्म उणा असला तरी तोच बरा, दुसऱ्याचा भयंकर. निष्काम कर्म ऐकायला कॅण्टसारखं लागतं. पण कॅण्टच्या घरात तुझं कर्तव्य तुझी बुद्धी ठरवते, इथं तुझा जन्म ठरवतो. फळाची आशा सोड हे ज्याला फळच मिळत नाही त्याला सांगण्यात काय मोठेपणा आहे!

रॉल्सबद्दल थोडक्यात. अमेरिकन, पुस्तक १९७१ चं. आपण कुठल्या घरात जन्मणार, गोरे की काळे, गरीब की श्रीमंत, हे कुणालाच माहीत नाही अशा पडद्याआड बसून समाजाचे नियम ठरवा, ही त्याची कल्पना. जन्माचा डाव माहीत नसेल तर जातिव्यवस्था कुठला शहाणा मान्य करील? हत्यार धारदार आहे. पण पडदा टाकला की झालेली लूटही झाकली जाते. आपली मागणी नुसती पुढच्या नियमांची नाही, मागच्या हिशेबाचीही आहे.

आता बाबासाहेब. ते १९१३ ते १९१६ कोलंबियाला होते, जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू. ड्यूईंच्या विचारातली एक गोष्ट त्यांनी उचलली आणि तिला अशी धार लावली की ती इथल्या धर्माच्या मुळावर बसली. नियम वेगळा आणि तत्त्व वेगळं. नियम म्हणजे स्वयंपाकाची कृती, काय करायचं आणि कसं ते सांगतो, विचार करायची गरज ठेवत नाही. तत्त्व म्हणजे विचार करायची दिशा. नियमानं वागणारा यंत्रासारखा वागतो, चांगलं झालं तरी त्याचं नाही, वाईट झालं तरी त्याचं नाही. तत्त्वानं वागणारा चुकू शकतो, पण त्याचं वागणं त्याचं असतं, जबाबदारी त्याची असते. शास्त्रांचा धर्म हा हुकूम आणि मनाई यांचा ढिगारा आहे, म्हणून तिथं जबाबदार माणूसच तयार होत नाही, हे त्यांचं म्हणणं.

आमच्या कागदाची आणि फोटोची गाठ मला इथं सुटली. 'खोटं बोलू नको' हा नियम घेतला तर कागदाच्या वेळी एक वागणं आणि फोटोच्या वेळी दुसरं, ही लबाडी वाटते. 'ताकदवानाला दुबळ्याचा पाय खाऊ द्यायचा नाही' हे तत्त्व घेतलं तर दोन्ही वागणं एकच आहे. बुद्धाच्या अहिंसेबद्दलही बाबासाहेब हेच सांगतात. ती तत्त्व आहे, नियम नाही. मारायची हौस वेगळी आणि मारायची गरज वेगळी.

पण तत्त्वाचा धोकाही लपवत नाही. नियम मोडला तर दिसतो. तत्त्व वाकवलं तर दिसत नाही. प्रत्येक पुढारी आपल्या तडजोडीला तत्त्वच म्हणतो. त्यासाठी बाबासाहेबांनी कसोट्या दिल्या. 'फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम' हा त्यांचा लेख त्यांच्या पश्चात १९८७ साली सरकारी खंडात छापला. त्यात हिंदू धर्माला ते दोन कसोट्या लावतात, न्यायाची आणि उपयुक्ततेची. बघा, बेंथॅमला हाकललेलं नाही! एकट्या हिशेबावर सोडलं नाही, एकट्या तत्त्वावरही नाही. दोन्ही तराजू समोर ठेवले, आणि न्याय म्हणजे काय तर स्वातंत्र्य, समता, बंधुभाव.

बंधुभाव शेवटी येतो म्हणून आपण तो घाईत म्हणून टाकतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली आलं. त्यात एक विचार आहे. नीती चोरांच्यातही असते, व्यापाऱ्यांच्यातही असते, एका जातीच्या माणसांच्यातही असते. चोर आपसात प्रामाणिक असतातच. पण ती टोळीची नीती, टोळीपुरती. ती टोळीचं हित राखते म्हणून टोळीबाहेरच्यांच्या विरोधात जाते. नीती सगळ्यांची आणि पवित्र झाली तरच दुबळ्याला आधार. बेंथॅम, कॅण्ट, मिल, ॲरिस्टॉटल, प्रत्येकाची नीती कुठल्या कुंपणाशी थांबली ते मघाशी बघितलं. कुंपण काढायचं काम त्यांच्यापैकी कुणी पुरं केलं नाही.

आता आपलं कुंपण. आमच्या पाचातल्या तिघांनी सही केली नाही, दोघांनी केली. एकाला चार पोरं आहेत. परवा चहाच्या टपरीवर काहीजण म्हणाले, त्या दोघांना जयंतीच्या वर्गणीतनं काढा, गद्दार आहेत. मी म्हणालो, ज्यानं कागद पुढं केला त्याला तुम्ही अजून एक शिवी दिली नाही. दोघांपैकी एक आपल्या जातीचा नाही, म्हणून गद्दार म्हणायला जीभ जरा जास्तच सैल सुटली, हेही मी तिथंच बोललो. वाद अजून मिटलेला नाही, आणि मामांच्या भरपाईची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्या दोघांनी सही मागं घेतली तर केस उभी राहते. वाळीत टाकल्यावर ते कशाला मागं घेतील?

आणि इथं बघा, आज ४० जण आलेत, मुली तीन. तिघी मागच्या बाकावर. चहा त्यांनीच केला. मला अकराच्या पाळीला जायचंय, तेव्हा पहिला प्रश्न तिकडून येऊ द्या.